वाळवंटातलं घर आणि स्टुडिओ: फोटो बघून बांधायला घेण्याआधी या चुका टाळा

अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात, स्कॉट्सडेलजवळ मॅकडॉवेल डोंगराच्या पायथ्याशी, अमेरिकन आर्किटेक्ट फ्रँक लॉइड राइट यांनी १९३७ साली स्वतःचं घर आणि स्टुडिओ बांधायला घेतला. नाव ठेवलं टॅलिएसिन वेस्ट. त्याच माळावर पडलेले दगड वापरून केलेल्या तिरक्या भिंती, त्यावर रेडवुड लाकडाच्या तुळया आणि तुळयांवर ताणलेलं पांढरं कॅनव्हास. लांबून बघितलं तर डोंगराचाच एखादा तुकडा खाली सरकून बसलाय असं वाटतं. २०१९ साली राइट यांच्या इतर सात इमारतींसोबत ही वास्तू युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली.

तेव्हापासूनच नव्हे, त्याच्या कितीतरी आधीपासून तिथल्या सोनोरन वाळवंटात घर बांधू पाहणारा जवळजवळ प्रत्येक माणूस या वास्तूचा फोटो घेऊन आर्किटेक्टकडे जातो. ‘असं काहीतरी हवं.’ घोळ इथूनच सुरू होतो. फोटोत उत्तर दिसतं, पण ते कोणत्या प्रश्नाचं उत्तर होतं हे दिसत नाही. या लेखातल्या बहुतेक चुका दुसऱ्याचं उत्तर आपल्या वहीत उतरवून घेतल्याच्याच आहेत.

हिवाळी मुक्कामाची नक्कल बारमाही घरासाठी

ही सगळ्यात मोठी चूक, म्हणून हिच्यावर जरा जास्त वेळ घालवू.

टॅलिएसिन वेस्ट हे मुळात हिवाळ्याचं घर. १९३६ मध्ये राइट यांना न्यूमोनिया झाला होता, वय सत्तरीला टेकलं होतं आणि उत्तरेकडच्या विस्कॉन्सिन राज्यातल्या त्यांच्या मूळ घरची थंडी सोसेना. म्हणून हिवाळ्यात सगळा बाडबिस्तरा, बरोबर शिकाऊ आर्किटेक्टांचा ताफा, असं सगळं ॲरिझोनात यायचं आणि उन्हाळा तापायच्या आत परत जायचं. आधी १९२९ मध्ये त्यांनी स्कॉट्सडेलला लागून असलेल्या फिनिक्स शहराच्या दक्षिणेला ‘ओकातिया’ नावाची लाकूड आणि कॅनव्हासची एक तात्पुरती छावणी उभारली होती. टॅलिएसिन वेस्ट तिचाच थोरला भाऊ. सुरुवातीची काही वर्षं तर खिडक्यांना काचाही नव्हत्या. कॅनव्हासचे पडदे उघडायचे, बंद करायचे, झालं.

म्हणजे ती वास्तू जानेवारीतल्या दुपारचं उत्तर आहे आणि आपण ती जुलैतल्या दुपारी वापरायला निघतो. २०२३ च्या उन्हाळ्यात फिनिक्समध्ये सलग ३१ दिवस तापमान ४३ अंश सेल्सियसच्या वर गेलं. रात्रीसुद्धा पारा ३२ च्या खाली उतरत नाही असे दिवस त्यात ओळीने आले. अशा हवेत पातळ पारभासक छत म्हणजे दिवसभर चालू ठेवलेला हीटरच.

दुसरी गोष्ट फोटोत अजिबात दिसत नाही, ती म्हणजे हातांची संख्या. १९३२ साली स्थापन झालेल्या टॅलिएसिन फेलोशिपमधली, म्हणजे राइट यांच्याकडे राहून शिकणारी मुलं दर मोसमात डागडुजी करत. कॅनव्हास फाटला, शिवा. तुळई वाकली, बदला. भिंत चुकली, पाडा. कॅनव्हास उन्हाने सडतो, ताण सोडतो, शिवणीतून गळतो. पुढे तिथेही बऱ्याच ठिकाणी कॅनव्हासच्या जागी प्लास्टिक आणि फायबरग्लासचे तक्ते आले. तुमच्याकडे शिडी लावून छतावर चढणारी तरुण मंडळी दर वर्षी येणार नसतील, तर हा तपशील उचलू नका. उचलायचाच असेल तर व्हरांड्यावर वापरा, झोपायच्या खोलीवर नको.

कागदावर पहिली रेघ मारायच्या आधी एक साधा तक्ता करा. आडवे बारा महिने, उभे दिवसाचे चार प्रहर. प्रत्येक चौकोनात लिहा: या वेळी घरात कोण आहे आणि ते काय करतंय? जुलैतल्या दुपारी चारच्या चौकोनात ‘स्टुडिओत सहा जण, आठ कॉम्प्युटर चालू’ असं येत असेल, तर तुम्हाला टॅलिएसिन वेस्ट नको आहे. त्या चौकोनात काहीच येत नसेल तर कदाचित हवं आहे.

जाड भिंत म्हणजे गार घर, हा समज

तक्रार अशी असते: ‘दगडी भिंत अर्धा मीटर जाड आहे, तरी रात्री अकराला खोली भट्टीसारखी.’

यात भिंतीचं काही चुकलेलं नाही, ती तिचं काम चोख करते आहे. दगड, काँक्रीट, माती हे सगळे उष्णता साठवणारे पदार्थ. ते उष्णता अडवत नाहीत, फक्त उशिरा पोचवतात. जुना ठोकताळा असा की मातीच्या भिंतीतून उष्णता साधारण तासाला एक इंच आत सरकते. म्हणजे ३० सेंटीमीटरच्या भिंतीला दुपारी एकचं ऊन लागलं तर ते आत पोचतं मध्यरात्रीच्या सुमाराला. रात्र गार असेल तर हे फार छान, कारण तेव्हा खिडक्या उघडून भिंतीतली ऊब बाहेर घालवता येते. वाळवंटाची जुनी मातीची घरं याच हिशोबावर चालत आली. पण रात्रीच पारा उतरला नाही तर भिंत रिकामी होत नाही, आणि दुसऱ्या दिवशी तिच्यावर नवं ऊन चढतं. चौथ्या-पाचव्या दिवशी घर म्हणजे तापलेला तवा.

खात्री कशी करायची? आठवडाभर दोन थर्मामीटर ठेवा, एक सावलीत बाहेर, एक आत. दर दोन तासांनी नोंद घ्या (नोंद ठेवणारी स्वस्त उपकरणं मिळतात, रात्री उठायची गरज नाही). आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा सात-आठ तास मागे धावत असेल आणि पहाटेही खाली येत नसेल, तर दुखणं साठ्याचं. बाहेरच्याबरोबरच चढत-उतरत असेल तर दुखणं छताचं, काचेचं किंवा फटींचं. दोन्हींची औषधं वेगळी. न मोजता जास्त टनाचा एसी बसवणं हे दोन्हींवरचं सगळ्यात महागडं चुकीचं औषध.

साठ्याच्या दुखण्यावर उपाय दोन. नवं बांधकाम असेल तर उष्णतारोधक थर भिंतीच्या बाहेरच्या अंगाला द्या आणि जड वस्तुमान आत ठेवा. बाहेरून दगडच दिसायला हवा असेल तर दोन थरांची भिंत करून मध्ये रोधक घाला. आतल्या अंगाला रोधक लावलात तर जाड भिंत घराच्या दृष्टीने बाहेरच राहिली, तिचा पैसा वाया.

आणि बांधून झालेलं घर असेल तर भिंतीला सावली द्या. ॲरिझोनातल्याच ट्युसॉन शहरात ज्युडिथ चेफी या आर्किटेक्टने १९७५ च्या सुमाराला ‘रमाडा हाउस’ बांधलं. त्यात घराच्या वर, घरापासून सुटं, लाकडी पट्ट्यांचं एक मोठं छत खांबांवर उभं आहे. रमाडा म्हणजे तिथल्या मूळ रहिवासी ओओडाम लोकांचा जुना सावलीचा मांडव: चार खांब, वर काटक्या, बाजू मोकळ्या. ऊन मांडवावर अडतं, मधून वारा जातो, खालचं छत तापतच नाही. मला विचाराल तर सगळ्या ॲरिझोनात उन्हाळ्याला दिलेलं याच्याइतकं सरळ उत्तर दुसरं नाही. आणि ते जुन्या घरावरही चढवता येतं.

सूर्य न मोजता काढलेला नकाशा

स्वित्झर्लंडहून अमेरिकेत आलेल्या अल्बर्ट फ्रे या आर्किटेक्टने कॅलिफोर्नियातल्या पाम स्प्रिंग्जमध्ये, डोंगराच्या उतारावर स्वतःसाठी एक चिमुकलं घर बांधलं. १९६४ मध्ये ते पूर्ण झालं. आज लोक ते बघायला जातात घरात शिरलेल्या अजस्र शिळेसाठी. झोपायची आणि बसायची जागा यांच्यामध्ये खुद्द डोंगराचा दगड आहे आणि काच त्या दगडाच्या कडेने कापून बसवली आहे. पडद्यांचा पिवळा रंग त्या उतारावर वसंतात फुलणाऱ्या एन्सेलिया या झुडपाच्या फुलांचा.

पण शिकण्यासारखी गोष्ट त्याआधीची आहे. फ्रे यांनी जागेवर दहा फुटी खांब रोवला आणि वर्षभर त्याची सावली कुठे पडते ते मोजलं. मग कुठे घर काढलं.

आज मोबाइलवर सूर्याचा मार्ग दाखवणारी ॲप्स आहेत. तरी खांब रोवाच, कारण पूर्वेचा डोंगर तुमच्या घरावर सकाळी किती वाजेपर्यंत सावली धरतो हे जागेवर उभं राहिल्याशिवाय नीट उमगत नाही.

आकडेमोड अवघड नाही. स्कॉट्सडेल साधारण ३३.६ उत्तर अक्षांशावर आहे. २१ जूनला मध्यान्ही सूर्य क्षितिजापासून जवळपास ८० अंश वर असतो, २१ डिसेंबरला ३३ अंश. दक्षिणेच्या भिंतीला २ मीटर उंचीची काच धरा आणि तिच्या वरच्या कडेला लागून ६० सेंटीमीटरचा छज्जा. जूनमध्ये छज्जाची सावली तीन मीटरच्याही खाली जाते, म्हणजे काच पूर्ण झाकलेली. डिसेंबरमध्ये सावली जेमतेम ४० सेंटीमीटर, बाकी काचेतून ऊन खोलीत. पुस्तकात असतं तसं अगदी नमुनेदार.

आता मेख. २१ मार्च आणि २१ सप्टेंबर या दोन दिवशी सूर्य आकाशात नेमका एकाच उंचीवर असतो, ५६ अंशांच्या आसपास. छज्जाची सावली दोन्ही दिवशी सारखीच, ९० सेंटीमीटर. म्हणजे अर्ध्याहून जास्त काच उन्हात. मार्चमध्ये ते ऊन हवंहवंसं वाटतं, सप्टेंबरमध्ये अजून ३८-४० अंशांचा उन्हाळा चालू असतो. सूर्याचं पंचांग आणि हवेचं पंचांग यांच्यात महिना-दीड महिन्याची तफावत आहे आणि पक्का छज्जा दोन्हींना एकाच वेळी खूश करू शकत नाही. ‘छज्जा तर बरोबर मोजून काढला होता’ ही तक्रार नेहमी सप्टेंबरात का येते, त्याचं कारण हे. उपाय म्हणजे छज्जा थोडा आखूड ठेवून त्याच्या पुढे हलवता येणारी सावली: कापडी पडदा, सरकत्या पट्ट्या, पानं गाळणारी वेल. राइट यांचे उघडबंद होणारे कॅनव्हासचे पडदे म्हणूनच निव्वळ हौस नव्हते.

पश्चिमेला छज्जा हा उपायच नाही. २१ जूनला सायंकाळी साडेपाचला तिथे सूर्य फक्त २५ अंशांवर असतो. त्या उन्हापासून २ मीटर काच झाकायला सव्वाचार मीटरचा छज्जा लागेल. तो छज्जा नाही, गाडी लावायची जागा झाली. तेव्हा ती खरंच गाडी लावायची जागा करा. गॅरेज, कोठीची खोली, न्हाणीघर, स्टुडिओतलं नकाशांचं भांडार पश्चिमेला टाका. ‘पण सूर्यास्ताचा देखावा पश्चिमेला आहे’ असं गिऱ्हाईक म्हणतं. देखाव्यासाठी बाहेर एक दगडी बाक पुरे. सूर्यास्त पंधरा मिनिटं टिकतो, पश्चिमेच्या काचेचा ताप सहा महिने.

नक्कल न करता सूर्य साधल्याचं उदाहरण म्हणजे आर्किटेक्ट पाओलो सोलेरी. ते राइट यांच्याकडे काही काळ शिकायला होते. पुढे फिनिक्सजवळच्या पॅरडाइज व्हॅलीत त्यांनी ‘कोसांती’ हे आपलं घर आणि कार्यशाळा उभारली. मातीचा ढीग रचायचा, त्यावर काँक्रीट ओतायचं, घट्ट झालं की खालची माती उकरून काढायची, अशी त्यांची पद्धत. तिथले अर्धघुमट दक्षिणेकडे तोंड करून आहेत: हिवाळ्यात तिरपं ऊन आत, उन्हाळ्यात डोक्यावरचं ऊन बाहेर, आणि कारागीर सावलीत. दिसायला टॅलिएसिन वेस्टसारखं काहीही नाही, तरी वाळवंटाला तितकंच धरून.

कोरडा ओढा म्हणजे मोकळी जागा नव्हे

वाळवंटात लोक पाणी नसल्याची काळजी करतात आणि घरं पाण्याने खराब होतात. फिनिक्स परिसरात वर्षाला २०० मिलिमीटरच्या आतबाहेर पाऊस, पण तो दोन हप्त्यांत येतो: हिवाळ्यातला संथ आणि १५ जून ते ३० सप्टेंबर या मॉन्सूनच्या काळातला धसमुसळा. तासाभरात कोसळतो, कडक जमीन पाणी पीत नाही आणि जिथे अकरा महिने फक्त वाळूची वाट दिसत होती तिथून गढूळ लोंढा धावतो. या कोरड्या ओहोळांना तिथे ‘वॉश’ म्हणतात.

सपाट, वाळूचा, झाडं दोन्ही बाजूंना रांगेत आणि मध्ये मोकळी जागा: घर बांधायला किती छान! ती झाडं रांगेत का आहेत हे मात्र विचारलं जात नाही. तिथे पाणी येतं म्हणून आहेत. वॉशच्या काठावर झुडपांत अडकलेल्या काटक्या आणि वाळलेलं गवत कुठवर चढलंय ते बघा. मागच्या लोंढ्याची ती रेघ. जोतं त्याच्या बरंच वर घ्या आणि वॉशला वळवायच्या भानगडीत पडू नका. वळवलेलं पाणी शेजाऱ्याच्या दारात जातं किंवा पुढच्या पावसात जुन्याच वाटेने परत येतं.

पाया खणताना अर्ध्या मीटरवर पांढरट, सिमेंटसारखा कठीण थर लागला तर तो कॅलीची, चुन्याने सांधलेली माती. कुदळ टणकन उडते आणि मुकादम खूश होतो, ‘पाया मिळाला’ म्हणतो. घाई नको. हा थर कुठे हातभर, कुठे बोटभर जाड आणि खाली पुन्हा सैल माती असू शकते. चार ठिकाणी आरपार भोक पाडून बघा. शिवाय त्यातून पाणी झिरपत नाही, त्यामुळे झाडासाठी केलेला खड्डा हौद होतो आणि वाळवंटातलं झाड चक्क पाण्यात बुडून मरतं. खड्डा खणल्यावर आधी पाण्याने भरा. दुसऱ्या दिवशी पाणी तसंच उभं असेल तर थर फोडल्याशिवाय झाड लावू नका.

पाणी साठवायचं असेल तर छत मोजा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. २०० चौरस मीटरच्या छतावर वर्षाच्या १९० मिलिमीटरचे कागदावर ३८,००० लिटर होतात. प्रत्यक्षात कमी, पण एवढं पाणी भिंतीच्या बुडाशी सोडून देणं शहाणपणाचं नाही.

सगळं झाडून-पुसून मग बांधायला घेणं

बुलडोझर एका सकाळी जे करतो ते भरून यायला एक आयुष्य पुरत नाही. सग्वारो हा तिथला उंच, हात उगारलेला निवडुंग. पहिल्या आठ-दहा वर्षांत तो बोटभर वाढतो, पहिला हात फुटायला बहुधा पन्नास-सत्तर वर्षं जातात. ॲरिझोनात त्याला कायद्याचं संरक्षण आहे, परवान्याशिवाय हलवता येत नाही. हे सगळ्यांना माहीत असतं, म्हणून खोडाभोवती रंगीत फीत बांधतात आणि फितीला चिकटून सिमेंटचा ट्रक उभा करतात.

सग्वारोची बहुतेक मुळं जमिनीखाली जेमतेम ८ ते १२ सेंटीमीटरवर असतात आणि झाडाच्या उंचीइतकी चहूकडे पसरतात. आठ मीटरचा सग्वारो असेल तर आठ मीटर त्रिज्येचं वर्तुळ आखा आणि त्याला कुंपण घाला, फीत नाही. ट्रकखाली मुळं चेपली तरी झाड लगेच काही बोलत नाही. साठवलेल्या पाण्यावर ते वर्षानुवर्षं हिरवं दिसतं आणि मग एका वादळात आडवं होतं. तोवर कंत्राटदाराचा हिशोब कधीच मिटलेला असतो.

हलवावाच लागला तर उपटण्याआधी खोडावर दक्षिणेची खूण करा आणि नव्या जागी तीच बाजू दक्षिणेला ठेवा. सावलीत वाढलेली कातडी उन्हाकडे फिरवली तर भाजते.

दगडगोटे अंथरून ‘वाळवंटी बाग’ करण्याची फॅशन मला मुळीच पटत नाही. भिंतीलगतचे उघडे गोटे दिवसभर तापतात आणि रात्री खिडकीखाली शेगडी होते. मूळ वाळवंट तसं नसतंच, त्यात झुडपांची सावली असते. आणि नर्सरीत ‘पाणी कमी लागतं’ म्हणून मिळणारं फाउंटन ग्रास लावू नका. ते बाहेरचं गवत आहे, बी उडून डोंगरात शिरतं आणि वाळलं की वणव्याला सरपण होतं. सग्वारोला आगीची सवय नाही.

दगड दिसतो तसा लावायला जाणं

टॅलिएसिन वेस्टच्या भिंती जवळून बघितल्या तर त्या नेहमीच्या गवंडीकामासारख्या नाहीत. तिथला वाळवंटी दगड कठीण, घडवायला जिवावर येणारा. मग छिन्नी लावायचीच नाही असं ठरलं. लाकडी फर्मा उभा करायचा, दगडाची जी बाजू सपाट असेल ती फर्म्याला टेकवून आत रचायची आणि मागे, मध्ये घट्टसर काँक्रीट भरायचं. फर्मा काढला की सपाट तोंडं एका पातळीत, मध्ये काँक्रीटचे ओबडधोबड पट्टे. यात कारागिरी दगड निवडण्यात आहे, घडवण्यात नाही.

नक्कल करणारे काय करतात? काँक्रीट ब्लॉकची सरळ भिंत बांधतात आणि वर बोटभर जाडीचे दगडाचे काप चिकटवतात. पश्चिमेच्या भिंतीवर पाच-सात उन्हाळ्यांत ते सुटू लागतात, कारण काप आणि मागची भिंत वेगवेगळ्या वेगाने तापतात, फुगतात, आकसतात. टिचकी मारून बघा. पोकळ आवाज आला तर तो काप सुटलाय. एकेक काप परत चिकटवत बसण्यापेक्षा आधी पाणी कुठून मागे शिरतंय ते शोधा, बहुतेकदा कठड्याच्या माथ्यावरून.

मातीच्या भिंतीबाबत याहून घातक चूक म्हणजे सिमेंटचा गिलावा. ट्युसॉनजवळ सॅन झेवियर देल बाक हे १७९७ साली पूर्ण झालेलं चर्च आहे, भाजलेल्या विटांचं आणि चुन्याचं. विसाव्या शतकात डागडुजी करताना त्यावर सिमेंटचा लेप दिला गेला. सिमेंटला तडे गेले, तड्यांतून पाणी आत गेलं आणि बाहेर पडायला वाट नसल्याने आत विटा झिजत राहिल्या. शेवटी तो लेप खरवडून निवडुंगाचा चीक मिसळलेल्या चुन्याचा गिलावा पुन्हा करावा लागला. भाजलेल्या विटेचं हे झालं, कच्च्या विटेचं काय होईल? मातीच्या भिंतीला चुना किंवा मातीच लावा, आणि भिंतीच्या बुडाशी पोपडे दिसले तर रंग मारून झाकू नका. तिथे ओल आहे.

सपाट छत आणि सांधे

पाऊस कमी म्हणून छताचा उतार खाऊन टाकतात. वर्षातून दहा वेळाच पाऊस पडत असला तरी त्यातल्या एका पावसाला छतावर तळं नको. वादळाबरोबर येणारी धूळ पन्हळीत आधीच बसलेली असते, त्यामुळे एकच निकास ठेवलात तर तो नेमका तेव्हा तुंबतो. दोन ठेवा, दुसरा थोडा वर.

गळतीचं मूळ पुष्कळदा पाण्यापेक्षा उन्हात असतं. १२ मीटर लांबीची पोलादी तुळई ६० अंशांच्या फरकाला जवळजवळ ९ मिलिमीटर लांबते, आणि उघड्यावरच्या पोलादाला हिवाळ्यातली पहाट ते उन्हाळ्यातली दुपार एवढा फरक सहज बसतो. तिच्या टोकाशी काच घट्ट बसवली असेल तर सांध्यातला भरणा दोन वर्षांत फाटतो. दर उन्हाळ्याआधी नवा भरणा भरणारी घरं आहेत. भरणा बदलू नका, सांधा बदला: काचेला सरकायला खाचेत जागा ठेवा.

जुलैत कूलर हात वर करतो

डेझर्ट कूलर जूनमध्ये इतका सुरेख चालतो की एसीची तरतूदच केली जात नाही. मॉन्सूनचं बाष्प आलं की हवेत पाणी मुरेनासं होतं आणि कूलर नुसता दमट वारा फेकतो. तो बिघडलेला नाही, मोटार बदलू नका. सुरुवातीपासून दोन्हींची सोय ठेवा आणि कूलर चालू असताना खिडकी थोडी उघडी ठेवायला विसरू नका, नाहीतर जूनमध्येही तेच होईल.

स्टुडिओला वेगळं वागवा

घरात चालतं ते स्टुडिओत चालेलच असं नाही. फिकट जमिनीवरून उसळणारा उजेड खालून येतो, छज्जा त्याला अडवत नाही. स्क्रीनवर चमक दिसली की लोक काचेला काळी फिल्म लावतात, मग दिवसा दिवे लावावे लागतात. त्याऐवजी खिडकीसमोरच्या तीन-चार मीटर जमिनीवर पालो व्हेर्देसारखं झाड किंवा तिथलीच झुडपं येऊ द्या, आणि कामाची टेबलं उत्तरेच्या उजेडाला लावा.

धुळीचं वादळ आलं की तलम भुकटी मॉडेलांवर, प्रिंटरमध्ये, सगळीकडे. दाराला दुहेरी उंबरठा, म्हणजे मध्ये एक छोटी बंद खोली, हा खर्च स्टुडिओत वसूल होतो. खाली फट राहिलेलं दार विंचवालाही पुरतं. ओल्या लाकडाची मॉडेलं कोरड्या हवेत पिळवटतात. लाकूड आठवडाभर स्टुडिओत ठेवून मग कापा.

बाहेरचे दिवे खाली तोंड केलेले, झाकलेले, पिवळसर ठेवा. रात्रीचं आकाश हाही तिथल्या लँडस्केपचा भाग आहे. ॲरिझोनात दिव्यांचे नियम कडक असतात, तिथल्या फ्लॅगस्टाफ शहराने तर १९५८ सालीच याबाबत कायदा केला होता.

देखावा आपल्या मालकीचा समजणं

राइट यांनी जागा निवडली तेव्हा खाली दरीत रिकामं वाळवंट होतं. दुसऱ्या महायुद्धानंतर दरीतून विजेच्या तारांचे खांब गेले. तारा जमिनीखालून न्या म्हणून ते भांडले, थेट राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांच्यापर्यंत गाऱ्हाणं नेलं. उपयोग झाला नाही. मग त्यांनी दरीकडची नजर आवरती घेतली आणि वास्तूचं तोंड डोंगराकडे वळवलं. आज त्या दरीत शहर पसरलेलं आहे.

असं तोंड फिरवणं त्यांना साधलं कारण भिंती हलवायला माणसं होती आणि बांधकाम कधी संपलंच नव्हतं. तुमच्याकडे तसं नसेल तर प्लॉट घेतानाच शेजारच्या जमिनीचा वापर कशासाठी ठरलाय, वीज आणि पाण्याच्या वाहिन्यांचे हक्काचे पट्टे कुठून जातात, हे काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, नकाशात बघून घ्या. मोठी काच त्या दिशेला लावा जिकडे सरकारी राखीव जमीन आहे किंवा इतका चढ आहे की कुणी बांधूच शकणार नाही. बाकी दिशांना आवाराची भिंत डोळ्याच्या उंचीपर्यंत घ्या, म्हणजे बसल्या जागेवरून डोंगराचा माथा दिसेल आणि पुढच्या घराचं छत दिसणार नाही. ही उंची कागदावर ठरवू नका. जागेवर खुर्ची टाका, बसा, आणि कुणाला तरी समोर दोरी धरून उभं करा.